“शेवटी पाणी तरी मिळाले का त्याला?”

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युद्धवार्ताहरांच्या आठवणींवरचा लेख वाचला. अशा पुस्तकांत स्वतःच्या धाडसाचाच पसारा फार असतो, हा त्यातला शेरा मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. तिथे त्यांचा सोबती गेला. शेजारच्याच गावचा; बेळगावच्या सेंटरवर दोघे एकाच दिवशी भरती झालेले. वडील रजेवर आले, ट्रंक उंबऱ्याच्या आत ठेवली आणि चहासुद्धा न घेता त्याच्या घरी निघाले. मी आठ वर्षांची, बोट धरून मागे गेले. सोप्यात घोंगडे अंथरले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या आईने विचारले, “शेवटी पाणी तरी मिळाले का त्याला?” वडील म्हणाले, “होय, आई.” जमालपूरच्या त्या रात्रीबद्दल ते पुढे आयुष्यभर कुणाशी बोलले नाहीत. ते “होय” खरे होते का, हे मला आजही कळलेले नाही.

म्हणून ही पुस्तके मी त्या सोप्यात बसून वाचते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या थोकोझामध्ये १८ एप्रिल १९९४ रोजी, तिथली निवडणूक नऊ दिवसांवर आलेली असताना, केन ओस्टरब्रुक हा छायाचित्रकार गोळी लागून गेला. त्याचा सोबती छायाचित्रकार ग्रेग मरिनोविच छातीत गोळी लागून तिथेच पडला. तिसरा छायाचित्रकार जोआव सिल्वा वाचला, आणि त्याने त्याही वेळी फोटो काढले. मरिनोविच आणि सिल्वा यांनी मिळून लिहिलेल्या ‘द बँग-बँग क्लब’ या पुस्तकात ही गोष्ट झाकलेली नाही. मित्र समोर मरत असताना हात कॅमेऱ्यावर होता, हे छापून सांगण्यात कसली आली फुशारकी? सीरियातल्या होम्समध्ये २२ फेब्रुवारी २०१२ रोजी तोफगोळ्यांच्या माऱ्यात वार्ताहर मेरी कॉल्विन आणि छायाचित्रकार रेमी ओश्लिक गेले. कॉल्विनसोबतचा छायाचित्रकार पॉल कॉनरॉय पायाची मोठी जखम घेऊन परतला आणि त्याने ते दिवस लिहून काढले. हा कॉनरॉय पूर्वी स्वतः ब्रिटिश तोफखान्यातला. मेलेल्याच्या घरच्यांना काय घडले ते सांगायचे असते, हे पलटणीत राहिलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या छायाचित्रकार दानिश सिद्दिकीला जाऊनही काही वर्षे झाली. १६ जुलै २०२१, अफगाणिस्तानातले स्पिन बोल्दक. कोरोनातल्या पेटत्या चितांचे त्याचे फोटो आपण सर्वांनी पाहिलेत.

एक तक्रार मात्र माझीही आहे. यातल्या बऱ्याच पुस्तकांत दुभाषा, गाडी चालवणारा, रात्री घरात आसरा देणारा स्थानिक माणूस एका ओळीत मरतो. होम्समधल्या जखमी पत्रकारांना बाहेर काढताना तिथले कितीतरी तरुण मारले गेले. त्यांच्या आयांनीही कुणाला तरी पाण्याचे विचारले असेल.

आता आपल्याकडचे. खानापूर, निपाणी, चंदगड, बेळगावभोवतीची खेडी, इथे घराघरांतून फौजेत माणसे गेली. ७१ ची लढाई पाहिलेले जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. शहीद जवानाचे नाव कमानीवर असते, पण तो कसा गेला हे ज्याने पाहिले त्याला आपण विचारत नाही. १५ ऑगस्टला शाल-नारळ देतो आणि फोटो छापतो. आपल्या वृत्तपत्राने त्यांना नीट बोलते करावे. त्यांच्याच बोलीत छापावे, कानडी शब्द आले तर तेही तसेच राहू द्यावेत. युद्धवार्ताहरांची ही पुस्तके मराठीत यावीत, हीही विनंती.

माझे वडील आता नाहीत. त्यांच्या तुकडीतले एक सुभेदार नदीपलीकडच्या गावात राहतात. ऐकू कमी येते, बोलणे स्पष्ट आहे. सकाळी दहाच्या आत गेलेले बरे, नंतर ते थकतात. आपण वार्ताहर पाठवणार असाल, तर मी सोबत येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव