कापडासाठी आठवड्यातून एक दिवस द्या

मा. संपादक,

ओला, प्लॅस्टिक, इतर सुका, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक असा सहा प्रकारचा कचरा घरातच वेगळा करायला इंदूरकर शिकले. या सहांत कापडाला मात्र स्वतःची जागा नाही. घालण्याजोगे कपडे पुन्हा वापरण्याजोग्या वस्तू घेणाऱ्या आरआरआर केंद्रात देता येतात, जुन्या साड्यांवर भांडी मिळतात. विरलेले बनियन, फाटक्या चादरी, शिंप्याकडच्या चिंध्या यांचं काय?

त्यांतूनही पुन्हा धागा निघतो. हरियाणातल्या पानिपतात हा मोठा उद्योग आहे. बटणं आणि चेन काढून रंगाप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे नव्याने रंगवावं लागत नाही. मग तुकडे करून दातेरी रुळांच्या यंत्रात पिंजतात. निघालेले तंतू आखूड असतात, म्हणून त्यांत दुसरे लांब तंतू मिसळून जाडसर सूत काततात आणि त्याच्या सतरंज्या, ब्लँकेटं विणतात. ओलं, तेलकट कापड तिथे कामाचं नसतं. म्हणजे आपण ते कोणत्या डब्यात टाकतो, यावरच पुढचं सगळं ठरतं.

खरी अडचण सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कपड्यांची आहे. लेगिंग्जसारखे ताणले जाणारे कपडे तर आणखी अवघड. म्हणून सुरुवात रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यांतून करावी असं मला वाटतं. तिथलं कातरण कोरं असतं आणि कापड कशाचं आहे हे कारखानदाराला ठाऊक असतं. पांढरं सुती, रंगीत सुती आणि मिश्र अशी तीन पोती तिथेच भरली, तर पुढचं निम्मं काम वाचेल.

घरगुती कापड निवडायला जाणती माणसं लागतील. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण या शहरातल्या मिलमध्ये आयुष्य घालवलेले लोक अजून आपल्यात आहेत. धागा जाळला की सुताला जळक्या कागदासारखा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. नव्या मुलींना आणि मुलांना तयार करायचं काम मानधन देऊन त्यांच्याकडेच सोपवावं.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे निदान आठवड्यातून एक दिवस गाडीने कोरड्या पिशवीतलं कापड वेगळं घ्यावं. दिवाळीच्या आवराआवरीत घरोघरी कपाटं रिकामी होतात. त्याआधी नगर निगमने एका झोनमध्ये तरी हे सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रामबाग, इंदूर