तारखेप्रमाणे बघा जरूर, पण मूळ फाइल तारखेप्रमाणे लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत कामांच्या याद्या ठेवायच्या मोबाइल अ‍ॅपची माहिती अधूनमधून येते आणि प्रत्येक वेळी त्यात ‘तारखेप्रमाणे सॉर्ट करता येतं’ हे मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगितलेलं असतं. मी साताऱ्यात छोट्या व्यावसायिकांची टॅक्सची आणि हाउसिंग सोसायट्यांची हिशेबाची कामं करते, त्यामुळे तारखा हाच माझा धंदा आहे असं म्हणायला हरकत नाही, आणि म्हणूनच या विषयावर थोडं सविस्तर लिहावंसं वाटलं. मी हे सगळं ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये ऑर्ग मोड, म्हणजे नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायची त्यातली सोय, वापरून करते. अ‍ॅमस्टरडॅममधल्या कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या नोंदी नीट राहाव्यात म्हणून ऑर्ग मोड लिहायला घेतला, आणि २००७ च्या ईमॅक्स २२ पासून तो ईमॅक्सच्या सोबतच येतो, वेगळा टाकावा लागत नाही. फुकट आहे, विंडोजवर चालतो, आणि फाइल म्हणजे साधा टेक्स्ट, उद्या ईमॅक्स नको झालं तर नोटपॅडमध्येही उघडते. वंडरलिस्ट हे लाखो लोकांचं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि २०२० च्या मे महिन्यात बंद केलं, तशी वेळ साध्या टेक्स्ट फाइलवर येत नाही.

तर मुद्दा असा की ऑर्गमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक फुली (*) दिली की मोठं शीर्षक, दोन फुल्या दिल्या की त्याच्या पोटातलं, तीन दिल्या की त्याच्याही पोटातलं. माझ्याकडे पहिल्या पातळीवर पक्षकाराचं नाव, त्याखाली जीएसटी, टीडीएस, सभा असे विषय आणि त्याखाली प्रत्यक्ष कामं असतात. कामाला तारीख लावली की लोकांच्या मनात पहिला विचार येतो की आता ही सगळी फाइल तारखेप्रमाणे लावून टाकू. ते करू नका असं मला अगदी कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे हिशेबात रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या का असतात? रोजकीर्दीत नोंदी तारखेने येतात, खतावणीत खात्याने येतात, व्यवहार तोच असतो, आणि रोजकीर्द हवी म्हणून कोणी खतावणीची पानं फाडून तारखेने लावत नाही. ऑर्गची आउटलाइन, म्हणजे ही शीर्षकांची उतरंड, ही खतावणी आहे. रोजकीर्द तो स्वतः तयार करून देतो, तिला अजेंडा म्हणतात. एक कमांड दिली की सगळ्या फाइलींमधल्या तारखा गोळा होऊन या आठवड्याचं पान समोर येतं, मूळ फाइलमधली एकही ओळ जागची हलत नाही, आणि त्या पानावरच्या कामावर एंटर मारलं की मूळ जागी, म्हणजे त्या पक्षकाराच्या बाकीच्या कागदांजवळ जाऊन पोचता.

खरंखुरं सॉर्टिंग लागतंच, पण ते एका शीर्षकाच्या पोटात. कर्सर शीर्षकावर ठेवायचा, कंट्रोल-सी आणि मग कॅरेट, म्हणजे सहाच्या बटनावरचं ते टोपीसारखं चिन्ह, की कशाने लावू असं विचारतो. टी म्हटलं तर कामातली पहिली तारीख धरतो, डी म्हटलं तर डेडलाइनने, एस म्हटलं तर शेड्यूलने, तेच अक्षर कॅपिटल दिलं तर उलट्या क्रमाने. फक्त लगेचच्या खालच्या पातळीची कामं हलतात आणि प्रत्येक काम आपलं पोटातलं सगळं घेऊन हलतं, त्यामुळे नोंदींची सरमिसळ होत नाही. एक गोष्ट मात्र माहीत असावी, ज्या कामाला तारीखच नाही ते काम आजची तारीख असल्यासारखं धरलं जातं, म्हणजे ते मुदत उलटलेल्या कामांच्या खाली आणि पुढच्या तारखांच्या वर येऊन बसतं. मला हे योग्यच वाटतं, तारीख न ठरलेलं काम यादीच्या तळाशी गेलं की कोणी बघत नाही.

आता डेडलाइन आणि शेड्यूल हा फरक, आणि इथेच बहुतेक अ‍ॅप कमी पडतात कारण तिथे कामाला एकच तारीख असते. शेड्यूल म्हणजे काम हातात कधी घ्यायचं, डेडलाइन म्हणजे कधीपर्यंत संपलं पाहिजे. सोसायटीची वार्षिक सभा घ्या. ती ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, पण तिची नोटीस सभेच्या पूर्ण १४ दिवस आधी सभासदांना मिळायला हवी आणि नोटिशीआधी हिशेब तयार हवेत. ऑर्ग डेडलाइनची आठवण मुळात १४ दिवस आधी द्यायला लागतो, म्हणजे या कामाला ती आठवण काही उपयोगाची नाही, ती येईपर्यंत नोटिशीचा दिवस गेलेला असतो. म्हणून तारखेच्या कंसातच शेवटी उणे पंचेचाळीस आणि डी (-45d) लिहायचं, मग त्या एका कामाची आठवण ४५ दिवस आधीपासून येते, आणि नोटीस हे वेगळं काम म्हणून त्याला स्वतःची तारीख द्यायची. ३० सप्टेंबर या एकाच तारखेने सॉर्ट केलेली यादी हे कधीच सांगणार नाही.

दर महिन्याच्या कामांना, जसं दरमहा भरणाऱ्यांचं २० तारखेचं जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र, तारखेपुढे त्याच कंसात अधिक एक एम (+1m) लिहिलं की काम झालं म्हटल्याबरोबर तारीख आपोआप पुढच्या महिन्यात जाते. टीडीएस दरमहा ७ तारखेचा, तोही असाच ठेवते, पण मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते ते हाताने दुरुस्त करावं लागतं. कायद्यातले अपवाद ऑर्गला कळत नाहीत, ते आपल्यालाच कळायला हवेत.

नवीन लोक हमखास अडतात ती जागा म्हणजे अजेंडातली सगळ्या टुडूंची, म्हणजे करायची अशी खूण असलेल्या कामांची, एकत्र यादी. ती तारखेने लावलेली नसतेच, आणि मग लोक म्हणतात हे सॉफ्टवेअर बिघडलंय. बिघडलेलं काही नाही, सेटिंगमध्ये ऑर्ग-अजेंडा-सॉर्टिंग-स्ट्रॅटेजी नावाचा एक पर्याय आहे त्यात टुडूसाठी डेडलाइन-अप असं पहिलं लिहायचं, की सगळ्यात जवळची मुदत वर येते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. कामापुढे लिहायचे टुडू (करायचं) आणि डन (झालं) हे शब्द बदलता येतात, माझ्या फाइलमध्ये करायचंय, कागदबाकी आणि झालं असे आहेत आणि व्यवस्थित चालतात. वारही मराठीत लिहिलेला चालतो. तारखेचे आकडे मात्र इंग्रजीच टाकावे लागतात, देवनागरी आकड्यांची तारीख ऑर्गला तारीख वाटत नाही आणि ते काम अजेंडात येतच नाही, तेव्हा कीबोर्ड मराठी असेल तर तेवढ्यापुरता बदला. आणि क्रम वर्ष, महिना, दिवस. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर साध्या अक्षरांच्या सॉर्टिंगमध्ये ०७-१०-२०२६ हे ३०-०९-२०२६ च्या वर जाऊन बसतं, म्हणजे ऑक्टोबर सप्टेंबरच्या आधी. २०२६-०९-३० असं लिहिलं तर कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये, अगदी फोल्डरमधल्या स्कॅन केलेल्या चलनांच्या नावांनासुद्धा, क्रम बरोबर लागतो. ईमॅक्स कधीच वापरणार नाही म्हणणाऱ्यांनीही एवढं तरी करावं.

ईमॅक्स शिकायला वेळ लागतो हे खरंय, पहिले काही आठवडे बोटं चुकतात. पण त्यातलं दहा टक्केही यायची गरज नाही, फुल्या, दोन प्रकारच्या तारखा, अजेंडा आणि ते कॅरेटचं सॉर्टिंग एवढ्यावर माझ्यासारखीचं ऑफिस चालतं. फोनवर बघायला अँड्रॉइडसाठी ऑर्गझ्ली आहे, तीच फाइल उघडते.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत पुढच्या वेळी अ‍ॅपची ओळख करून द्याल तेव्हा कामाला दोन तारखा देता येतात का, सॉर्ट केल्यावर मूळ मांडणी तशीच राहते का आणि यादी साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढता येते का या तीन गोष्टी तपासून छापा. आणि ऑर्ग मोडवर एखादा सविस्तर लेख, स्क्रीनच्या चित्रांसह, जरूर द्या. माझ्या धंद्यातल्या अनेकांना इंग्रजी मॅन्युअल वाचायचा कंटाळा येतो, मराठीत समोर आलं तर ते नक्की करून बघतील.

आपली,
एक वाचक, सातारा