पासवर (किचनमधून प्लेट बाहेर जाते त्या काउंटरपाशी) उभ्या असलेल्या माझ्या सू शेफना, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफना

शेफ,

मिशेलिन या रेस्टॉरंट गाइडचा तारा मिळाल्यापासून अभिनंदनाचे फोन मला येतायत. खरं म्हणजे तारा रेस्टॉरंटला मिळतो; शेफ नोकरी सोडून गेला तर तो खिशात घालून नेता येत नाही. तरी फोटो माझाच छापला गेला. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

कॉमी, म्हणजे सगळ्यात खालचा कुक, म्हणून लागलो तेव्हा माझा डोळा प्लेटिंगवर होता. तुम्ही मला, सॉससाठी हाडं-मासे उकळून काढतात त्या स्टॉकच्या पातेल्यापाशी उभं केलंत. माशाचा स्टॉक २०-२५ मिनिटांत उतरवायचा, नाहीतर कडवटपणा येतो. हाडांचा मात्र तासन्‌तास मंद आचेवर. खळखळून उकळला की गढूळ झालाच. एवढं पुस्तकातही होतं. शेवटच्या तिकिटाचा, म्हणजे ऑर्डरचा, सॉस पहिल्या तिकिटासारखाच लागला पाहिजे, हे तुम्ही शिकवलंत. सर्व्हिसभर गरम राहून सॉस आटतो, मीठ वर येतं. तुम्ही दर थोड्या वेळाने स्वच्छ चमचा घेऊन यायचात, चाखायचात आणि काही न बोलता पुढे गेलात तर समजायचं, ठीक आहे. बोललात तर एकच शब्द: "परत." मनातल्या मनात शिव्या घातल्यात मी तुम्हाला, आता सांगायला हरकत नाही.

१९०० साली एका टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी काढलेली ही मिशेलिन गाइड १९२६ पासून तारे देते. तिचे निकष पाच: जिन्नसांचा दर्जा, तंत्रावरची हुकमत, चवींचा मेळ, पदार्थांतून दिसणारं शेफचं व्यक्तिमत्त्व आणि सातत्य. मुलाखतींत सगळे चौथ्याबद्दल विचारतात. पाचव्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि तो तर सगळा तुमचा. इन्स्पेक्टर ओळख न देता येतो, जेवतो, बिल भरतो, जातो. एकदा येऊन भागत नाही. त्यामुळे 'आज जरा जपून' असा दिवसच नसतो. तुम्ही पासवर असताना तो तसाही नव्हता.

आणखी एक. मी शेफ द पार्टी (एका स्टेशनचा प्रमुख) झाल्यावर दुसऱ्या किचनमध्ये स्टाजला, म्हणजे काम करत शिकायला, जायचं म्हटलं, तेव्हा माझी रजा तुम्ही मंजूर करून घेतलीत आणि सॉसचं स्टेशन स्वतः सांभाळलंत. (बिनपगारी राबवून घेण्याची ती पद्धत मला आजही पटत नाही, माझ्याकडे स्टाजला येणाऱ्यांना पैसे मिळतात.) किती सू शेफ हाताखालच्या माणसासाठी एवढं करतील? तिथून शिकून आलेलं मी मेन्यूत घातलं आणि तुम्ही मोठ्या शेफना सांगितलंत, पदार्थ याचा आहे. ते सांगितलं नसतंत तर मला कोणी ओळखलंही नसतं.

आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून टाकलं.

जेवायला या. तुमच्यासाठी टेबल राखून ठेवलेलं नाही. न कळवता या, हवं तर दुसऱ्या नावाने बुकिंग करा आणि शेवटच्या तिकिटाच्या वेळी या. सॉस कसा झालाय ते किचनमध्ये येऊन सांगा.

तुमचा,
सॉस स्टेशनवाला