विषय: होरायझनचा रोल उलटा दाखवणारं गेज, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा

कस्टमर केअर, नमस्कार,

सिम्युलेटरला जोडायचं तुमचं यूएसबी गेज, खोक्यावर ज्याला तुम्ही 'रिअल अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर' म्हटलंय (विमान क्षितिजाच्या तुलनेत किती कललंय ते दाखवणारं यंत्र), ते मी पुतणीसाठी घेतलं, ती सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या, तयारीला लागलीये. दिसायला झकास आहे पण रोल, म्हणजे डावी-उजवीकडे कलणं, उलटं दाखवतंय, आणि तुमच्या सपोर्टवाल्यांना ते पटतच नाहीये म्हणून आता लेखी देतोय.

योक (विमानाचं स्टिअरिंग) डावीकडे वळवला की स्क्रीनवर विमान डावीकडे कलतं, इथपर्यंत ठीक. गेजमध्ये मात्र जमिनीचा तपकिरी भाग उजव्या बाजूने वर चढतो. अहो, डावा पंख खाली गेला तर जमीन डावीकडेच वर आलेली दिसणार ना, काचेतून दिसते तशीच. नाक वर केलं की निळं वाढतं, ते बरोबर आहे, म्हणजे घोळ फक्त रोलचा.

फोनवर तुमचे साहेब म्हणाले, "सर, विमान डावीकडे तर होरायझन पण डावीकडेच झुकणार." नाही हो. मी रिटायर होईपर्यंत विमानांच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्येच होतो, ही यंत्रं उघडून परत बसवलीत. आतला जायरो, म्हणजे फिरती चकती, वेगात फिरायला लागला की गिम्बलमध्ये, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या कड्यांमध्ये, तो आपली उभी दिशा धरून बसतो, हलतं ते त्याच्याभोवतीचं विमान. होरायझनची पट्टी जायरोबरोबर, म्हणून ती खऱ्या क्षितिजाला समांतर राहते, आणि छोटं केशरी विमान केसला पक्कं, ते आपल्याबरोबर कलतं. त्यामुळे डाव्या बँकमध्ये, म्हणजे विमान डावीकडे कललं की, पट्टी आपल्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलेली दिसते, आणि वरच्या १०, २०, ३०, ६०, ९० अंशांच्या खुणांखालचा त्रिकोण, जो कायम आकाशाकडे असतो, तो उजवीकडे सरकतो. तुमचा डावीकडे पळतो.

मग मेल आला की रशियन पद्धतीत असंच असतं. तिथे पट्टी आडवीच राहते आणि छोटं विमान कलतं, तुमच्यात विमान पक्कं आणि पट्टी उलटी, म्हणजे धड हे ना धड ते. आणि दोन पद्धतींचा गोंधळ ही काही गंमत नाही, २००८ मध्ये पर्मला एरोफ्लोटचं बोइंग ७३७ विमान पडून ८८ माणसं गेली, त्या चौकशीत हाच मुद्दा निघाला होता. आपल्याकडे १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ जण गेले, कॅप्टनच्या समोरचा इंडिकेटर विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिला म्हणून त्यांनी ते डावीकडे घातलं. तेव्हा मेलमधलं "गेमिंगसाठी चालतं सर" हे मला सांगू नका, शिकणाऱ्या पोरीच्या हाताला उलटी सवय लागली तर ती मोडायला कोण येणार?

तुमची 'रोल रिव्हर्स' ची टिक पण करून बघितली, त्याने योकच उलटा होतो, गेज तसंच. मॅन्युअलमध्ये इंजिन चालू केल्याबरोबर यंत्र तयार असं लिहिलंय, व्हॅक्यूमवरच्या (हवा ओढून फिरवल्या जाणाऱ्या) जायरोला स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात, ते पण सुधारा.

व्हिडिओ आणि बिल सोबत जोडलंय. फर्मवेअरमध्ये दिशा दुरुस्त करून द्या, नाहीतर पीस बदला, दोन्ही जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. पिकअपचा खर्च तुमचा, आणि माणूस पाठवाल तर संध्याकाळी पाठवा, दुपारी घरी कोणी नसतं.