पाटाची वाट सोपी, पण रुंदी किती?

मा. संपादक,

सुट्टीच्या पुरवण्यांमधून जुन्या पाटांच्या काठच्या पायवाटांची शिफारस होते, ती योग्यच आहे. पाण्याची सोबत, सावली आणि जवळजवळ सपाट चाल असं एकत्र क्वचितच मिळतं. पण 'सोपी, मुलांना नेण्याजोगी' एवढ्या शेऱ्यावर थांबू नये. ही वाट चढाच्या हिशेबाने सोपी असते, रुंदीच्या हिशेबाने असेलच असं नाही.

पाणी वाहतं राहावं, पण तळ खरवडला जाऊ नये म्हणून पाटाला उतार अगदी बेताचा देतात, बऱ्याचदा हजार मीटरला एखाद-दोन मीटर. म्हणून दम लागत नाही. मात्र हा उतार राखायला पाट डोंगराला बिलगून प्रत्येक ओढ्यात आत शिरतो आणि पलीकडून बाहेर येतो. हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या वळणापर्यंत पोचायला अर्धा तासही जातो. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर इथे फसवतं.

आपण चालतो ती पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटाची राखण करणाऱ्याच्या, देखरेखीसाठी ठेवलेली पाळ, पाटाकाठचा बांध. ती बहुधा दरीच्या अंगाला असते आणि काही जागी जेमतेम दोन पावलं मावतात. समोरून कोणी आलं तर एकाने डोंगराच्या बाजूला सरून थांबावं. दुसऱ्याने दरीच्या अगदी कडेवरून जाऊ नये. पाटाच्या कडेच्या दगडावर शेवाळ असतं, तिथे तोल सावरत चालण्याची हौस नको. पाळीची बाहेरची बाजू ओली दिसली, तर खेकडा-उंदरांच्या बिळांतून पाणी झिरपतंय असं समजावं आणि कडेवर भार देऊ नये. अशीच पाळ पुढे खचते. जादा पाणी सोडायच्या सांडव्यापाशी तर वाटच पाण्याखाली असते. तिथे एकेकानेच पार व्हावं.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची काल्देराव व्हेर्दे ही पाटाकाठची प्रसिद्ध वाट जाऊन-येऊन १३ किलोमीटरची आहे. चढ नाममात्र, पण मध्ये बोगदे आहेत. छत ठेंगणं, पायाखाली डबकी. तिथे डोक्याला बांधायची बॅटरी लागते, कारण एक हात भिंतीला हवा असतो.

इटलीच्या दक्षिण टिरोल भागातल्या पाटांवर पाणचक्कीला हातोडी जोडून घंटा वाजती ठेवत. घंटा गप्प झाली की पाटकऱ्याला कळे, वर कुठेतरी पाट तुंबला किंवा फुटला. चालणाऱ्यानेही पाण्यावर तसंच लक्ष ठेवावं. पाणी अचानक ओसरलं किंवा गढूळ झालं, तर वरच्या अंगाला दरड आली असण्याची शक्यता असते. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस जाऊच नये. आणि पाट कोरडा असला तरी त्यात उतरून चालू नये, वरचं दार उघडलं की पाणी सूचना देऊन येत नाही.

तेव्हा विनंती अशी, की अशा वाटेची माहिती छापताना किलोमीटरच्या शेजारी आणखी तीन गोष्टी द्याव्यात: पाळीची सर्वांत कमी रुंदी, दरीच्या बाजूला कठडा कुठून कुठपर्यंत आहे, आणि बोगदे किती. मुलांना न्यायचं की नाही, हे कुटुंबाला त्यावरून घरीच ठरवता येईल. अर्ध्या वाटेवर, जिथे वळायलाही जागा नाही, तिथे ते ठरवायची वेळ येऊ नये.

आपला,
एक वाचक