तानसेनच्या डोंगरावरचे आमचे बिऱ्हाड

संपादक महोदय,

परदेशात राहणाऱ्या मिशनरी कुटुंबांवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. बंगला, नोकरचाकर, डॉलर आणि बाटवाबाटवी, काही म्हणता काही सोडलेले नाही. मी नगरचा. 2014 ते 2019 आम्ही चौघे नेपाळात पाल्पा जिल्ह्यात, तानसेनच्या मिशन हॉस्पिटलात होतो. बायको मिरजेला शिकलेली नर्स, मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. जनरेटर, पंप, बॉयलर, ऑटोक्लेव्ह (हत्यारे वाफेवर निर्जंतुक करायचे यंत्र) हे माझे खाते. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दफ्तरी मात्र दोघेही ‘मिशनरी’, म्हणून हे चार शब्द.

आमचा बंगला म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. गाव डोंगराच्या उतारावर, त्यामुळे पाण्याची कायम बोंब. नळ आला की बायको ड्यूटीवर असली तरी पिंपे भरायला मुलगी उठायची. पगार म्हणावा तर नगरच्या मंडळीने आणि सासुरवाडीच्या गावच्या मंडळीने वाटून उचललेला खर्च. भारतीय रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा भाव 1993 पासून बांधलेला आहे, म्हणून तिकडे तो आकडा जरा गुबगुबीत दिसे. डॉलर काय तो एवढाच. ज्वारी मिळत नसे. नाचणी भरपूर, तिची भाकरी थापली की शेजारच्या वहिनी बघायला यायच्या, कारण त्या त्याच पिठाचा ढिंडो (घट्ट लापशी) घाटतात.

आठवड्याचे गणित बदलायला मुलांना वेळ लागला. तिथे आम्ही होतो तेव्हा सुट्टी शनिवारची, त्यामुळे उपासनाही शनिवारी. चपला दाराबाहेर, बसायचे खाली सतरंजीवर, बाया एकीकडे, बापे एकीकडे, पाळक नेपाळीच. रविवारी सकाळी मुले दप्तर घेऊन शाळेत. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटले नाही. फोनवर दर वेळी विचारायची, “अरे, रविवारी कामाला जाता?”

हॉस्पिटलात सगळ्यात जास्त काय पाहिले असेल तर झाडावरून पडलेल्या बाया. गुरांसाठी पाला तोडायला त्या उंच झाडांवर चढतात, पाय निसटला की कड्यावरून खाली. एक जण आली ती कमरेचा कोयता तसाच खोचलेला, खुब्याशी पाय मोडलेला. नवरा मलेशियात, सोबत म्हातारा सासरा. दीड दिवस चालून रस्त्यापर्यंत पाटीत बसवून आणली होती. तिला ऑपरेशनला घेणार त्याच सकाळी ऑटोक्लेव्हच्या दाराचे रबर फाटले. वाफ धरेना, म्हणजे हत्यारे निर्जंतुक होईनात. नवे रबर लखनौहून यायचे. जुने उलटे फिरवून बसवले, फाटलेला भाग बिजागरीकडे घेतला, आणि दाब चढेपर्यंत काट्याकडे बघत तिथेच उभा राहिलो. त्या रात्री मला जेवण गेले नाही. डॉक्टरांचे नाव सगळे घेतात, घ्यावेच. पण काटा लाल रेषेवर गेला नसता तर त्यांनी काय करायचे होते?

थंडीत दिवसाला दहा-बारा तास लोडशेडिंग. त्यात 2015 च्या सप्टेंबरात भारत-नेपाळ सीमेवर मालाची अडवणूक सुरू झाली. डिझेल नाही, सिलिंडर अर्धाच भरून मिळायचा. जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरपुरता लावायचा हे मीच ठरवायचे आणि वॉर्डातल्यांची बोलणीही मीच खायची. बाजारात बायकोला दुकानदार म्हणाला, “तुमच्याच लोकांनी अडवलंय, तुम्हाला कशाला गॅस?” ख्रिस्ती म्हणून पाच वर्षांत कुणी वाकडे बोलले नाही, बोलले ते भारतीय म्हणून. पुढे त्याच दुकानदाराने अर्ध्या सिलिंडरला नंबर लावून दिला, हेही सांगायला हवे.

आता धर्मांतराचे. आमचे हॉस्पिटल चालवणारी संस्था, युनायटेड मिशन टू नेपाल, 1954 मध्ये सुरू झाली तीच मुळी नेपाळ सरकारशी करार करून, आणि धर्मप्रसार करायचा नाही ही त्यातली अट होती. 2015 च्या राज्यघटनेचे कलम 26 आणि 2018 मध्ये लागू झालेला फौजदारी कायदा तर आणखी कडक: धर्मांतर घडवले तर पाच वर्षांपर्यंत कैद, वर दंड, परदेशी असेल तर शिक्षा भोगून देशाबाहेर. हा कायदा योग्य की अयोग्य यावर माझे मत आहे, पण ते इथे मांडत नाही. आम्ही तो पाळला.

खरी गंमत अशी की आपल्या लेखकाचा प्रश्न आमच्या लोकांनाही पडतो. मंडळीकडून दर सहामाहीला अहवालाचा छापील कागद यायचा. त्यात एक रकाना, ‘बाप्तिस्मे किती’. मी शून्य लिहायचो आणि खाली जागा उरे तिथे दुरुस्त केलेल्या पंपांची यादी. सुट्टीवर आलो तेव्हा चर्चचे एक वडीलधारे सेवक कृतज्ञतेच्या सणात सगळ्यांसमोर म्हणाले, “पैसे काय मोटारी दुरुस्त करायला पाठवतो?” बाहेरचे विचारतात किती बाटवलेत, आतले विचारतात किती आत्मे वाचवलेत. दोघांनाही आकडाच हवा. त्या बाईचा पाय सांधला का, हे एकानेही विचारले नाही. सांधला. काठी घेऊन चालत गेली.

लेखकाने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. कुशीनगर एक्सप्रेस मनमाडला मिळते. गोरखपूरला उतरून बसने सीमेवरचे सुनौली. व्हिसा लागत नाही, ओळखपत्र जवळ असावे. पुढे भैरहवा, बुटवल आणि घाट. पावसाळ्यात मात्र जाऊ नये, बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या वळणांवर दरडी कोसळतात.

(पत्नीचे सहकारी अजून तिकडे कामावर असल्याने नाव छापू नये ही विनंती.)
– एक वाचक, अहिल्यानगर