खिडकीजवळच्या आजींचा चष्मा कुठे जमा करू?

सन्माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

ज्येष्ठ नागरिकांचं खातं तुमच्याकडे, म्हणून हे पत्र तुम्हाला. मी ६३ वर्षांची निवृत्त नर्स. सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात झाली. गेली नऊ वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आम्ही चौघी दर रविवारी उपासना आटोपली की शहराबाहेरच्या एका अनुदानित वृद्धाश्रमात जायचो. ‘जायचो’ लिहावं लागतंय, कारण एका रविवारी गेट उघडलंच नाही. वॉचमन ओळखीचा. मान खाली घालून म्हणाला, “सिस्टर, वरून आदेश आहे. धर्माची माणसं आत सोडायची नाहीत.”

हे ‘वर’ कुठे असतं ते शोधायला मी जिल्ह्याच्या एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला भेटले, चहा पाजला, अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, “पंधरा दिवसांत पत्र देतो, पुण्यकर्म आहे तुमचं.” तिसऱ्या खेपेला साहेबांची बदली झालेली, आणि अशा परवानगीचा नमुनाच नाही असं टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. माझ्या अर्जाला आवक क्रमांक मात्र होता, तेवढं समाधान. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, माझे दोन्ही गुडघे झिजलेले. कठडा धरून एकेक पायरी उतरताना मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. घरी विचारणारं कुणी नाही. मिस्टर गेले, मुलगा कॅनडात. उद्या मीही अशाच एखाद्या खाटेवर असणार.

त्या पंधरा दिवसांचे बावन्न झाले. पन्नासाव्या दिवशी खिडकीजवळच्या आजी गेल्या.

आम्ही तिथे काय करत होतो, ते सांगते. नखं कापायचो. केसांना तेल लावायचो. पाठ उलटून बघायचो, कारण पडून राहून होणारी जखम, बेडसोअर, नर्सच्या डोळ्याला आधी दिसते. मोबाइल चार्जिंगला लावायचो, जो कधी वाजायचा नाही. आणि तीच गोष्ट चाळिसाव्यांदा ऐकायचो. या आजी वारकरी घरातल्या. माझा हात धरून म्हणायच्या, “सिस्टर, तुकोबाचा अभंग म्हण.” मी म्हणायचे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलेय, टाळ-मृदंग आमच्याही भजनात आहेत. कुणी मागितली तरच प्रार्थना, एरवी आमचं बायबल पिशवीतच. ज्या बाईला सकाळी स्वतःचं नाव आठवत नाही, तिचं धर्मांतर मी काय करणार, साहेब? आणि कशात?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आजाऱ्याचा समाचार घेण्याविषयी प्रभू बोलतो. बायबलातला ‘समाचार’ म्हणजे विचारपूस. मराठीत त्याचा दुसराही अर्थ आहे आणि आज मला तोच जवळचा वाटतोय. त्याच अध्यायात मेंढरं, म्हणजे समाचार घेणारे, एकीकडे आणि शेरडं, म्हणजे न घेणारे, दुसरीकडे केलेली आहेत. तुमचं खातं कुठल्या बाजूला, ते तुम्हीच वाचून ठरवा.

कायदा मीही वाचलाय. २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. कलम १९ सांगतं की दर जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधारांसाठी, राज्याला ‘काढता येईल’. ‘काढावाच लागेल’ नाही. आपले जिल्हे ३६, म्हणजे झाल्या ५,४०० खाटा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं एक कोटीच्या वर होती, आता किती तर देव जाणे. माझ्या हिशेबाने दोन हजार म्हाताऱ्यांमागे एक खाट पडते. चूकभूल द्यावी घ्यावी, मी नर्स आहे, अर्थखात्यात नाही. निराधार म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये, तेही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. एवढ्यात जगणारं कुटुंब मला एकदा दाखवा, पाया पडते.

पंचाहत्तरी झाली की एसटी फुकट. छान. जिला कूस बदलता येत नाही तिने कुठल्या स्टँडवर उभं राहायचं? तीर्थदर्शनाला माणशी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च, तोही सगळ्या धर्मांच्या माणसांना. म्हणजे सरकार म्हाताऱ्यांना देवापर्यंत नेणार, पण नेलकटर घेतलेल्या चार बायका खाटेपर्यंत जाऊ शकत नाहीत. जे मोजता येतं, ज्याच्यावर फोटो छापता येतो, ते तुमच्याकडे भरपूर. शेजारी बसण्याचं अनुदान कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं ते कळत नाही, म्हणून ते संशयास्पद. हे तुमच्या आधीच्यांपासून चाललंय, पक्ष कुठलाही असो. पोरं पैसे पाठवतात आणि सरकार योजना पाठवतं. रविवारी दुपारी चार वाजता येत कुणीच नाही.

मागणी एकच. भेटीचा एक साधा नमुना काढा. नाव, आधार, वेळ, हवं तर पोलिसांचा दाखला. कीर्तनकार, मौलवी, नन, कॉलेजची पोरं, सगळ्यांना तोच. आम्ही रांगेत उभ्या राहू.

आणि एक. आजींच्या चष्म्याची दांडी तुटली होती, ती बसवायला मी तो घरी आणला होता. मग गेट बंद झालं. शेवटचे पन्नासहून जास्त दिवस त्यांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नसणार. आश्रम म्हणतो, जवळच्या नातेवाइकाकडे द्या. नातेवाईक अंत्यविधीलाही आले नाहीत. चष्मा माझ्या टेबलावर आहे. तुमच्या कार्यालयात जमा करून घेत असाल, तर कुठल्या खिडकीवर आणू ते कळवा. पोच लागेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका